टोनी वाइल्डिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विम्बल्डनच्या दिवसांत 'सलग चार वेळा कोण जिंकलं' हा विषय निघाला की बोर्ग, सॅम्प्रास, फेडरर, जोकोविच ही नावं धडाधड येतात. मग कोणीतरी जुनी यादी उघडतं, १९१० ते १९१३ समोर एकच नाव दिसतं आणि प्रश्न सुरू होतात. तेच ते प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेले आहेत की आता उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

हा वाइल्डिंग नेमका कोण?

अँथनी फ्रेडरिक वाइल्डिंग. जवळचे लोक टोनी म्हणायचे. जन्म ३१ ऑक्टोबर १८८३, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या ओपावा भागातला. मृत्यू ९ मे १९१५, फ्रान्समध्ये, पहिल्या महायुद्धाच्या आघाडीवर. वय एकतीस. मधल्या जेमतेम अकरा वर्षांच्या कारकिर्दीत त्याने विम्बल्डनची एकेरी चार वेळा आणि दुहेरी चार वेळा जिंकली. ऑस्ट्रेलेशियन अजिंक्यपद एकेरीत दोनदा, दुहेरीत एकदा मिळवलं. डेव्हिस चषक, म्हणजे देशादेशांतली सांघिक टेनिस स्पर्धा, चार वेळा जिंकणाऱ्या संघात तो होता, ऑलिंपिकचं एक कांस्यपदकही त्याच्या नावावर आहे. आणि हे सगळं हौशी खेळाडू म्हणून.

म्हणजे ऑस्ट्रेलियाचा की न्यूझीलंडचा?

न्यूझीलंडचा. गोंधळ होतो तो 'ऑस्ट्रेलेशिया' या नावामुळे. त्या काळी डेव्हिस चषकात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून एकच संघ उतरायचा. मेलबर्नचा नॉर्मन ब्रुक्स आणि हा टोनी, एवढ्या दोघांच्या जिवावर तो संघ उभा होता असं म्हटलं तरी चालेल. त्यांनी १९०७, १९०८, १९०९ आणि १९१४ साली चषक मिळवला. १९०७ चा विजय तर अमेरिका आणि ब्रिटन सोडून तिसऱ्याच कोणीतरी चषक नेण्याचा पहिला प्रसंग. गंमत अशी की ते विजय आज ऑस्ट्रेलियाच्या खात्यात धरले जातात. न्यूझीलंडच्या माणसाला हा विषय काढून बघा, चहा थंड होईपर्यंत ऐकावं लागेल.

टेनिस शिकला कुठे? कोणी प्रशिक्षक होता का?

शिकला घरी. वडील फ्रेडरिक वाइल्डिंग हे वकील. इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरमधून १८७९ मध्ये बायकोसह न्यूझीलंडला येऊन स्थायिक झालेले. स्वतः क्रिकेट आणि टेनिस उत्तम खेळायचे. ओपावातल्या त्यांच्या 'फाउनहोप' नावाच्या घराला गवताचं कोर्ट होतं, डांबरी कोर्ट होतं, वर पोहायचा तलाव. आपल्याकडे अंगणात तुळशीवृंदावन असावं तितक्या सहजपणे यांच्या अंगणात टेनिस कोर्ट. पोराला वेगळा शिक्षक कशाला हवा?

सतराव्या वर्षी त्याने कँटरबरी प्रांताची स्पर्धा जिंकली. कँटरबरीकडून प्रथम श्रेणीचं क्रिकेटही दोन सामने खेळला. मग केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात कायदा शिकायला गेला आणि तिथे क्रिकेट मागे पडलं. टेनिसने त्याला गिळलं म्हणा ना.

'हौशी' म्हणजे त्याला पैसे अजिबात मिळत नव्हते?

बक्षिसाची रक्कम, नाही. चषक, पदक, फार तर एखादी वस्तू. रोख पैसे घेतले की तुम्ही 'व्यावसायिक', आणि व्यावसायिकाला विम्बल्डनचं दार बंद. हा नियम १९६८ पर्यंत टिकला. त्या काळात व्यावसायिक म्हणजे क्लबात सभासदांना फी घेऊन शिकवणारा नोकरमाणूस. त्याचा खेळ कितीही चांगला असो, स्पर्धेच्या यादीत त्याचं नाव येत नसे.

आपल्याकडे 'हौशी' म्हटलं की रविवारी सकाळी खेळणारा, जमलं तर जमलं, असा माणूस डोळ्यांपुढे येतो. हौशी नाटक, हौशी गायक. वाइल्डिंगच्या बाबतीत तो अर्थ लावलात तर सगळंच चुकेल. वर्षाचे बहुतेक महिने तो खेळत असे: हिवाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, म्हणजे रिव्हिएरावर, उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये, मधल्या दिवसांत युरोपातल्या गावोगावच्या स्पर्धांत. १९०६ या एका वर्षात त्याने २३ स्पर्धा जिंकल्या, तो विक्रम आहे. आजच्या कुठल्याही व्यावसायिक खेळाडूला दम लागेल असं हे वेळापत्रक. त्या शब्दाचा अर्थ एवढाच होता की पैसा दुसरीकडून येत असे.

मग खर्च कोण करायचं?

आधी वडील. टोनी १९०६ साली लंडनमध्ये बॅरिस्टर झाला, १९०९ मध्ये न्यूझीलंडमध्येही सनद मिळाली, पण वकिलीत त्याने मन घातलं असं दिसत नाही. आणखी एक गोष्ट होती, ती हिशेबाच्या वहीत कधी दिसत नाही. चांगल्या खेळाडूला बोलावणी यायची. रिव्हिएरावर सुट्टीला आलेल्या बड्या मंडळींना त्याच्याबरोबर खेळायची हौस असे. स्वीडनचा राजा पाचवा गुस्ताफ 'मिस्टर जी' या नावाने स्पर्धांत उतरायचा, तोही याच वर्तुळातला. ब्रिटनचे माजी पंतप्रधान आर्थर बाल्फोर यांच्याशीही टोनीची ओळख होती. राहण्याजेवण्याची चिंता अशा माणसाला फारशी पडत नसणार. पण हे दार उघडायला आधी तिथवर पोचण्याचं भाडं लागायचं. न्यूझीलंडहून इंग्लंडला जहाजाने सहा आठवडे. ज्याच्या बापाकडे तेवढे पैसे नव्हते असे किती टोनी क्राइस्टचर्चमध्येच राहिले, ते कोण सांगणार?

विम्बल्डन सलग चार वेळा जिंकला हे खरं, पण तेव्हा एकच सामना खेळावा लागायचा म्हणे?

हा प्रश्न विचारणारा माणूस वादात तयार असतो. अर्धं खरं आहे.

त्या काळी 'चॅलेंज राउंड' ही पद्धत होती. गतविजेता पुढच्या वर्षी थेट शेवटच्या सामन्यात. बाकीचे सगळे आपापसात लढून एक आव्हानवीर ठरवायचे, आणि तो गतविजेत्याशी खेळायचा. आपल्या कुस्तीच्या फडात जुना मल्ल बाजूला बसून असतो आणि शेवटी मैदानात उतरतो, तसाच काहीसा प्रकार. १९२२ मध्ये ही पद्धत बंद झाली.

म्हणजे १९१० साली वाइल्डिंगला सगळ्या फेऱ्या खेळाव्या लागल्या. आव्हानवीर ठरवणाऱ्या सामन्यात अमेरिकेच्या बील्स राइटविरुद्ध पहिले दोन सेट गमावून तो जिंकला, आणि मग गतविजेत्या आर्थर गोरला चार सेटमध्ये हरवलं. पुढच्या तीन वर्षांत मात्र एकेक सामना. १९११ मध्ये रोपर बॅरेटशी दोन-दोन सेटची बरोबरी झाली होती, आणि उकाड्याने बेजार झालेल्या बॅरेटने तिथेच सामना सोडला. १९१२ मध्ये पुन्हा गोर. गोरचं वय तेव्हा ४४! आज ४४ वर्षांचा माणूस विम्बल्डनच्या एकेरीच्या अंतिम सामन्यात दिसला तर आपण टीव्हीला थाप मारून बघू. तरीही त्याने एक सेट काढलाच.

तेव्हा 'सलग चार' या शब्दांत तेव्हाचे आणि आताचे विक्रम शेजारी ठेवताना जपून. माझं मत विचाराल तर १९१० चं जेतेपद आणि १९१३ चा एक सामना, या दोन गोष्टी पुरेशा आहेत. मधली दोन वर्षं नसती तरी तो मोठाच ठरला असता.

१९१३ च्या सामन्यात असं काय झालं?

कॅलिफोर्नियातून मॉरिस मॅक्लॉलिन नावाचा तेवीस वर्षांचा, तांबड्या केसांचा मुलगा आला. त्याची सर्व्हिस म्हणजे तोफेचा गोळा. 'कॅलिफोर्नियाचा धूमकेतू' हे त्याचं टोपणनाव. त्याआधी टेनिस हा सभ्य लोकांचा दुपारचा खेळ समजला जायचा, सर्व्हिस म्हणजे खेळ सुरू करायची रीत. या मुलाने सर्व्हिसलाच हत्यार बनवलं आणि लंडन वेडं झालं. वर्पल रोडवरचं जुनं मैदान (आजचं चर्च रोडचं मैदान १९२२ चं) लहान पडलं, लोकांना दारातून परत जावं लागलं. बहुतेकांना वाटत होतं, आज वाइल्डिंगचं संपलं.

वाइल्डिंगने जिंकला तो सामना ८–६, ६–३, १०–८. आकडे नीट वाचा. सरळ तीन सेट, पण पहिला आणि तिसरा दोन्ही ताणलेले. त्याने ती सर्व्हिस मागे सरकून घेतली नाही, पुढे उभा राहून चेंडू उसळता उसळताच परतवला. वेगवान गोलंदाजाला क्रीझबाहेर उभं राहून खेळणारा फलंदाज आठवा. हिंमत लागते, आणि त्याहून जास्त लागतो तो सराव. सर्व्हिसचा वेग त्याने परतीच्या फटक्याला वापरला, आणि मुलगा नेटवर येईपर्यंत चेंडू त्याच्या पायाशी.

त्याची शैली कशी होती?

नैसर्गिक गुणवत्तेत ब्रुक्स त्याच्यापेक्षा वरचढ होता, याबद्दल फारसं दुमत नाही. ब्रुक्स डावखुरा, चलाख, सर्व्हिसला वेगवेगळी फिरकी देणारा. वाइल्डिंग घडवलेला खेळाडू. भक्कम फोरहँड, बेसलाइनवरून, म्हणजे कोर्टच्या मागच्या रेषेवरून, लांब आणि खोल मारणं, आणि मेहनतीने सुधारलेला बॅकहँड. दारू-सिगारेट नाही. व्यायाम असा की पाचव्या सेटला समोरचा धापा टाकतोय आणि हा ताजातवाना. शरीर तयार ठेवणं हासुद्धा खेळाचाच भाग आहे, हे तेव्हा सगळ्यांना पटलेलं नव्हतं. हौशी माणसाने फार घाम गाळणं थोडं असभ्यच समजलं जायचं.

रॅकेटचाही विचार करा. आमच्या घरी माळ्यावर वडिलांची जुनी लाकडी रॅकेट होती, चौकटीत घालून चारी कोपऱ्यांना स्क्रू आवळून ठेवलेली, नाहीतर पावसाळ्यात ती वाकायची. हातात घेतली की मनगट बोलायला लागतं. डोकं ताटलीएवढं लहान, चेंडू मधोमध बसला नाही तर हातात झिणझिण्या. वाइल्डिंगच्या वेळची रॅकेट त्याहून जड, आणि तारा आतड्याच्या तातीच्या, ओल लागली की सैल पडणाऱ्या. अशा फळीने तासन्‌तास बेसलाइनवरून मारत राहायचं, अंगात लांब पांढरी पँट!

जुन्या याद्यांत 'जागतिक हार्ड कोर्ट अजिंक्यपद' लिहिलंय. सिमेंटचं कोर्ट का?

नाही, माती. तेव्हाच्या इंग्रजांच्या बोलीत गवत नसलेलं मैदान ते 'हार्ड'. ही स्पर्धा पॅरिसजवळ सँ-क्लू इथे लाल मातीवर व्हायची. १ मार्च १९१३ रोजी पॅरिसमध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघ स्थापन झाला आणि त्याने तीन 'जागतिक अजिंक्यपदं' ठरवली: गवतावरचं म्हणजे विम्बल्डन, मातीवरचं पॅरिसला, आणि छपराखालचं, ते त्या वर्षी स्टॉकहोमला. वाइल्डिंगने १९१३ मध्ये तिन्ही जिंकली. गवत, माती, लाकडी फरशी. मातीवरचं १९१४ मध्ये पुन्हा जिंकलं.

आज ग्रँड स्लॅमच्या मोजणीत पॅरिस आणि स्टॉकहोमची ही जेतेपदं धरत नाहीत. त्याच्या नावापुढे सहा एकेरी आणि पाच दुहेरी असे अकराच लिहिले जातात. मला हे पटत नाही, पण यादी करणारे मला विचारत नाहीत.

आणि ऑस्ट्रेलियन ओपन?

तिचं तेव्हाचं नाव ऑस्ट्रेलेशियन अजिंक्यपद. १९०६ साली ती चक्क क्राइस्टचर्चला भरली, म्हणजे याच्या घरी. ऑस्ट्रेलियातून फक्त दोन खेळाडू आले! दुसऱ्यांदा जिंकला १९०९ मध्ये, पर्थला. ही जेतेपदं विम्बल्डनच्या वजनाची नाहीत, हे कबूल करायला हरकत नाही.

ऑलिंपिकचं पदक कुठलं?

१९१२, स्टॉकहोम, छपराखालच्या एकेरीत कांस्य. मैदानावरच्या स्पर्धेची तारीख विम्बल्डनवर येत होती, त्यामुळे बडे खेळाडू तिकडे फिरकलेच नाहीत.

मोटारसायकलची भानगड काय आहे?

भानगड नाही, वेड. यंत्रांचा त्याला भारी नाद. १९०८ साली त्याने जॉन ओ'ग्रोट्स ते लँड्स एंड, म्हणजे ब्रिटनच्या उत्तर टोकापासून नैर्ऋत्य टोकापर्यंतच्या मोटारसायकल चाचणीत सुवर्णपदक मिळवलं. १९१० मध्ये लंडनहून थेट स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरापर्यंत मोटारसायकलवर गेला. स्पर्धा ते स्पर्धा हा प्रवासही अनेकदा तसाच. तेव्हाचे रस्ते म्हणजे धूळ, खडी आणि घोड्यांच्या नालांचे पडलेले खिळे. पंक्चर काढायला स्वतःच बसायचं. आजचा खेळाडू फिजिओशिवाय विमानातून उतरत नाही. हा तेलाने काळे झालेले हात धुऊन कोर्टवर उभा राहायचा. पुढे युद्धात त्याला जे काम मिळालं, ते याच नादामुळे.

लग्न झालं होतं?

नाही. अमेरिकन अभिनेत्री मॅक्सिन एलियट हिच्याशी त्याचं नाव जोडलं जाई. ती त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठी. युद्धात तिने बेल्जियममध्ये एका बोटीवरून निर्वासितांना मदत पोचवण्याचं काम केलं.

१९१४ मध्ये हरला कसा?

विम्बल्डनला जोडीदाराकडूनच. नॉर्मन ब्रुक्स आव्हानवीर म्हणून आला आणि ६–४, ६–४, ७–५ असा जिंकून गेला. दोघांनी त्याच वर्षी दुहेरीही जिंकली, त्यामुळे रुसवा वगैरे काही नाही.

तिथून डेव्हिस चषकासाठी अमेरिका. जुलैच्या अखेरीस पिट्सबर्गजवळ जर्मनीशी सामना. समोर ओटो फ्रॉइट्झहाइम आणि ऑस्कर क्रॉयझर. इकडे हे चेंडू मारतायत आणि तिकडे युरोपात एकेक देश युद्धात उतरतोय. क्लबवाल्यांनी युद्धाची बातमी सामना संपेपर्यंत खेळाडूंच्या कानावर जाऊ दिली नाही, असं सांगतात. ऑस्ट्रेलेशिया ५–० ने जिंकला, हस्तांदोलन झालं. जर्मन खेळाडू मायदेशी निघाले, त्यांचं जहाज जिब्राल्टरपाशी ब्रिटिशांनी अडवलं आणि दोघेही कैदेत पडले.

ऑगस्टच्या मध्यावर न्यूयॉर्कमध्ये फॉरेस्ट हिल्सला अमेरिकेशी अंतिम सामना. मॅक्लॉलिनने ब्रुक्सला हरवलं, त्यातला पहिला सेट १७–१५ असा होता. वाइल्डिंगलाही हरवून त्याने १९१३ चा हिशेब चुकता केला. पण बाकीचे तिन्ही सामने ब्रुक्स-वाइल्डिंगने काढले आणि चषक ३–२ ने नेला. वाइल्डिंगचा हा शेवटचा डेव्हिस चषक. तिथून तो सरळ इंग्लंडला, सैन्यात भरती व्हायला.

युद्धात मरण कसं आलं?

विन्स्टन चर्चिल तेव्हा नौदलाचे मंत्री होते. त्यांच्या सल्ल्याने वाइल्डिंग ऑक्टोबर १९१४ मध्ये रॉयल मरीन्समध्ये अधिकारी झाला. गाड्यांची जाण आणि युरोपातल्या रस्त्यांची माहिती, यामुळे त्याला चिलखती मोटारींच्या तुकडीत काम मिळालं. मोटारीमागे ओढून न्यायच्या छोट्या तोफेची जबाबदारी त्याच्यावर होती. कॅप्टनपदापर्यंत पोचला.

८ मे १९१५ ला त्याने एका पत्रात लिहिलं की साडेसात महिन्यांत पहिल्यांदाच असं काम अंगावर आलंय, ज्यात मी, तोफ आणि सगळा लवाजमा उडण्याचीच शक्यता जास्त. पण जमलं तर पायदळाला मोठी मदत होईल. दुसऱ्या दिवशी उत्तर फ्रान्समध्ये ओबेर रिजची लढाई सुरू झाली. दुपारभर तोफ चालवून तो एका खंदकातल्या आडोशाला गेला. पावणेपाचच्या सुमारास आडोशाच्या छपरावर तोफगोळा पडला.

याचा भारताशी काही संबंध?

टेनिसमधून नाही. त्या ९ मे मधून आहे. वाइल्डिंग जिथे मेला, आघाडीच्या त्याच दक्षिणेकडच्या पट्ट्यात, न्यूव्ह शापेलच्या आसपास, त्याच दिवशी भारतीय सैन्याची मेरठ डिव्हिजन हल्ल्याला उतरली होती. माणसं खंदकातून वर आली की समोरून मशीनगन. नुकसान भयंकर झालं, जमीन काहीच मिळाली नाही.

आज त्याची आठवण कुठे आहे?

क्राइस्टचर्चमध्ये वाइल्डिंग पार्क हे टेनिस केंद्र आहे. १९७८ मध्ये आंतरराष्ट्रीय टेनिस हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. त्याची बहीण कोरा चित्रकार होती, न्यूझीलंडमध्ये तरुणांसाठी स्वस्त वसतिगृहांची चळवळ तिने उभी केली. टोनीचं नाव निघालं की तिकडचे जुने लोक तिचंही काढतात.

कबर उत्तर फ्रान्समध्ये, रिशबूर गावाजवळच्या रू-दे-बेर्सो लष्करी दफनभूमीत. आधी आघाडीवरच पुरलं होतं, नंतर इथे हलवलं. तिकडे गेलात तर तिथून थोड्याच किलोमीटरवर न्यूव्ह शापेलचं भारतीय स्मारकही बघा. अशोकस्तंभाच्या धर्तीवर पंधरा मीटरचा खांब, १९२७ मध्ये उभारलेला, आणि भोवतीच्या गोल भिंतीवर ४,७०० हून जास्त नावं. वाइल्डिंगला निदान कबर मिळाली. भिंतीवरच्या या माणसांची कबर कुठे आहे, हे कोणालाच माहीत नाही, म्हणून नावं भिंतीवर आहेत.